पावसाच्या तक्त्यात पिकाचे वयही यावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्याचे चार महिने आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर पर्जन्यमानाची चौकट न चुकता येते. तालुक्याचे नाव, गेल्या चोवीस तासांतला पाऊस, १ जूनपासूनची बेरीज आणि त्या बेरजेची सरासरीशी टक्केवारी असे तिचे चार रकाने असतात. पेपर हातात पडताच आधी ही चौकट उघडणाऱ्यांपैकी मी एक आहे. औसा तालुक्यात गेली पंचवीस वर्षे मी कोरडवाहू शेती करतो आणि तेवढीच वर्षे अंगणातल्या साध्या पर्जन्यमापकाची नोंद वहीत ठेवतो. या दोन्हींच्या आधारे सांगावेसे वाटते की, चौकटीतला शेवटचा रकाना वाचून पिकाचा अंदाज बांधणाऱ्याची हमखास फसगत होते. त्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने द्यावेत एवढीच माझी विनंती आहे. विनंती लहान असली तरी तिच्यामागचे कारण सविस्तर सांगणे भाग आहे.

२०२३ सालचेच उदाहरण घेतो. त्या वर्षी मोसमी पावसाने राज्य व्यापायला जूनचा शेवटचा आठवडा उजाडला. जुलैत चांगला पाऊस झाला, सप्टेंबरातही झाला, आणि हंगाम संपल्यावर भारतीय हवामान विभागाने देशाची बेरीज सरासरीच्या ९४ टक्के असल्याचे जाहीर केले. सहा टक्क्यांची तूट ऐकणाऱ्याला किरकोळ वाटावी अशीच आहे. परंतु मधला ऑगस्ट महिना देशभरात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पावसाचा गेला होता. १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये एवढा कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. मराठवाड्यातील कित्येक महसूल मंडळांत (तालुक्याच्या काही गावांच्या गटांत) पावसाने सलग एकवीस दिवसांहून अधिक ओढ दिली. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला शासनाने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि त्यापाठोपाठ आणखी सुमारे हजार महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती असल्याचे मान्य केले. देशाची बेरीज ९४ टक्के आणि गावात दुष्काळ, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी खऱ्या होत्या, आणि वर्तमानपत्रातल्या चौकटीवरून त्यांतली दुसरी कळत नव्हती.

असे का होते, हे सोयाबीनच्या आयुष्याकडे पाहिले की उलगडते. आमच्या भागातील सोयाबीन साधारण ९५ ते १०५ दिवसांत निघते. पेरणीनंतर पहिले महिनाभर रोपटे थोडी ओढ सहन करते, किंबहुना त्या काळात मुळे ओलीच्या शोधात खोल गेली तर पुढे त्याचा फायदाच होतो. पस्तीस-चाळीस दिवसांनी फूल लागते, त्यानंतर पापडी धरते आणि मग दाणा भरू लागतो. या साधारण चाळीस दिवसांत ओल तुटली, तर आधी साठलेले किंवा नंतर मिळालेले पाणी त्या नुकसानीची भरपाई करू शकत नाही. २०२३ मध्ये जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरलेले माझे सोयाबीन ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात फुलोऱ्यात आले, आणि नेमकी त्याच वेळी आश्लेषा कोरडी गेली व मघानेही पाठ फिरवली. वहीच्या त्या पानावर तारखांपुढे एकाखाली एक शून्ये लिहिलेली आहेत. विसाव्या तारखेच्या सुमारास भर दुपारी शेतात गेलो, तेव्हा जमिनीला पडलेल्या भेगेत वहाणेची टाच जात होती, झाडांनी पाने उलटी करून फिकट बाजू वर केली होती आणि ओळींमधून चालताना पायाखाली गळलेली जांभळी फुले येत होती. सप्टेंबरात पाऊस आला, झाडे पुन्हा हिरवी दिसू लागली, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याने पीक सावरले असेच म्हटले असते. काढणीच्या वेळी एक शेंग सोलून पाहिली, तर तीन दाण्यांपैकी एक पूर्ण भरलेला, एक ज्वारीच्या दाण्याएवढा आणि तिसऱ्याच्या जागी नुसता पापुद्रा होता. शंभर दाण्यांचे वजन एरवी अकरा-बारा ग्रॅम भरते, ते त्या वर्षी आठ ग्रॅम भरले. ढीग लांबून फारसा लहान दिसत नव्हता, पण काट्यावर घातल्यावर तूट कळली.

आपल्या वाडवडिलांनी पाऊस कधी चार महिन्यांच्या बेरजेत मोजलाच नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त अशी तेरा-चौदा दिवसांची एकेक नक्षत्रे धरून त्यांनी पावसाचा हिशेब ठेवला. कोणत्या नक्षत्रात पडला आणि कोणत्या नक्षत्रात पडला नाही, यावरून ते कोणते पीक हाती लागेल ते ठरवीत. नक्षत्रावरून पावसाचे भाकीत करावे असे मी म्हणत नाही. त्यासाठी हवामानशास्त्र आहे. परंतु पंधरवड्याच्या मापाने पाऊस मोजण्याची ती रीत पिकाच्या वाढीच्या टप्प्यांशी जितकी जुळणारी होती, तितकी आजची टक्केवारी जुळत नाही.

यात जमिनीचाही मोठा भाग आहे. मीटरभर खोलीची काळी जमीन पिकाला घेता येईल असे साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवते, तर वीतभर मातीखाली मुरूम लागणाऱ्या हलक्या रानात ही धारणा चाळीस-पन्नास मिलिमीटरपलीकडे जात नाही. भरात आलेले सोयाबीन ऊन पडलेल्या दिवशी पाच मिलिमीटरच्या आसपास पाणी उडवते. म्हणजे हलक्या रानातली पुंजी आठ-दहा दिवसांत संपते आणि भारी रानातली महिनाभर पुरू शकते. एकाच गावात, एकाच पावसावर, बांधाच्या अलीकडचे पीक करपते आणि पलीकडचे तग धरते ते यामुळे. शिवाय हलक्या रानावर एका रात्रीत शंभर मिलिमीटर पाऊस कोसळला, तर त्यातला निम्म्याहून अधिक ओढ्याला जातो, मात्र चौकटीतल्या बेरजेत तो पूर्णच्या पूर्ण जमा होतो. हाच पाऊस वीस-वीस मिलिमीटरचे पाच तुकडे होऊन आठवड्याच्या अंतराने आला असता, तर त्याने सबंध पीक तारून नेले असते. बेरीज दोन्ही वेळा शंभरच.

पावसाच्या खंडाबरोबर उष्णताही येते, आणि या दोन गोष्टी वेगळ्या काढून पाहण्याची आपल्याला जी सवय आहे ती सोडली पाहिजे. ऑगस्टमध्ये ढग हटले की ऊन थेट पडते आणि तापमान चढते. झाड पानांवाटे पाणी उडवून स्वतःला थंड ठेवते. जमिनीतच पाणी नसेल तर ते पानांची छिद्रे मिटून घेते. छिद्रे मिटली की पान तापते आणि हवेतला कार्बन आत येणेही थांबते, म्हणजे तहान आणि उपासमार एकदमच सुरू होते. ज्या पंधरा दिवसांत पाऊस नसतो, त्या पंधरा दिवसांत पाण्याची गरज मात्र वाढलेली असते. त्यामुळे वीस दिवसांचा खंड हा दहा दिवसांच्या खंडाच्या दुप्पट नव्हे, तर कितीतरी अधिक नुकसान करतो.

पाऊस अधिक झाला म्हणजे पीक अधिक येते, हाही समज २०२५ ने खोटा ठरवला. त्या वर्षी मोसमी पाऊस मेअखेरीसच महाराष्ट्रात शिरला, देशाची हंगामी बेरीज १०८ टक्के झाली, आणि मराठवाड्यातील व सोलापूर जिल्ह्यातील सोयाबीन काढणीला आलेले असताना सप्टेंबरात अतिवृष्टी झाली. नद्या पात्र सोडून रानात शिरल्या, काही ठिकाणी पिकाबरोबर मातीही खरवडून गेली. जिथे पूर आला नाही, तिथेही उभ्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले. ज्यांनी कापणी करून बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाची गंज, लावली होती, त्यांच्या बनमीत आतून वाफ धरली आणि दाणे काळे पडले. तुरीच्या ओळींत पाणी साचून राहिल्याने मुळांना हवा मिळाली नाही आणि झाडे उभ्या उभ्या वाळली. त्या दिवसांतली चौकट काढून पाहावी. टक्केवारीचा रकाना दर दिवशी वाढत होता, आणि तो वाढण्याचा अर्थ काय, हे सांगणारे त्यात काहीही नव्हते.

आता रब्बीकडे वळतो. हा भाग वाचकांच्या सर्वांत कमी लक्षात येतो, म्हणून त्याविषयी थोडे अधिक लिहिण्याची परवानगी द्यावी. आमची मालदांडी ज्वारी ही परतीच्या पावसाच्या ओलीवर वाढणारी. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ती पेरायची आणि नंतर एकही थेंब पडला नाही तरी काळ्या मातीतल्या साठ्यावर तिने कणीस भरायचे, असा तिचा स्वभाव आहे. पण सप्टेंबरअखेर पाऊस थांबतच नसेल, तर रानाला वाफसा, म्हणजे पेरणीजोगी बेताची ओल, येत नाही, खरिपाची काढणी लांबते आणि पेरा ऑक्टोबरच्या शेवटाला किंवा नोव्हेंबरात ढकलला जातो. तीन आठवडे उशिरा पेरलेल्या पिकाचा दाणा भरण्याचा काळही पुढे सरकतो, आणि जानेवारीच्या थंडीऐवजी फेब्रुवारीच्या उन्हात येऊन पडतो. हरभरा आणि गव्हाचेही तेच. अशा रीतीने सप्टेंबरातला जास्तीचा पाऊस फेब्रुवारीतल्या उष्णतेचे नुकसान घडवून आणतो. पावसाची चौकट मात्र ३० सप्टेंबरला बंद होते.

गव्हाच्या बाबतीत हा हिशेब कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतच आहे: बागायती गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात व्हावी, आणि त्यानंतरच्या प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी अडीच क्विंटलच्या आसपास घट धरावी. याचे कारण उष्णतेत आहे. गव्हाचे पीक आपले दिवस तारखांनी मोजत नाही, मिळालेल्या उष्णतेने मोजते. हवा तापली की ते घाईने पक्व होते, दाणा भरण्याचे दिवस कमी पडतात आणि दाणा सुरकुततो. २०२२ च्या मार्च महिन्यात याचा प्रत्यय सबंध देशाला आला. तो मार्च १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत उष्ण ठरला, पंजाब आणि हरियाणातल्या पूर्ण ओलिताखालच्या गव्हाचाही उतारा घसरला, सरकारला ११ कोटी टनांहून अधिक उत्पादनाचा आपला अंदाज खाली आणावा लागला आणि १३ मे रोजी निर्यातबंदी जाहीर करावी लागली. तिथे कालव्यात पाणी होते, विहिरींना पाणी होते. पाण्याने सगळे निभावते असे मानणाऱ्यांनी ते वर्ष विसरू नये. पुढच्याच वर्षीचा फेब्रुवारी कमाल तापमानाच्या बाबतीत विक्रमी ठरला.

दिवसाच्या उन्हाविषयी निदान बातम्या तरी येतात; रात्रीच्या तापमानाची दखल क्वचितच घेतली जाते. पिकाने दिवसभरात तयार केलेल्या अन्नातला काही भाग ते रात्री श्वसनात खर्च करते, आणि रात्र जितकी उबदार तितका हा खर्च मोठा. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतावरील नोंदींवरून २००४ मध्ये असे दाखवून देण्यात आले की, कोरड्या हंगामात रात्रीचे किमान तापमान एक अंशाने वाढले, तर भाताचे उत्पादन सुमारे दहा टक्क्यांनी घटते, आणि दिवसाच्या कमाल तापमानाशी तसा ठळक संबंध दिसत नाही. भात आमच्या भागातले पीक नव्हे, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा हरभऱ्याला लावता येणार नाही. परंतु डिसेंबरात ढगाळ हवा राहून रात्री उबदार गेल्या की हरभऱ्याची फूलगळ होते, घाटेअळी वाढते आणि तुरीवर धुई येऊन फुले झडतात, हे आमच्याकडचा कोणताही शेतकरी सांगेल. थंडी कमी पडल्याने शहरातल्या माणसाला बरे वाटते, तेव्हा आमच्याकडे हरभऱ्याच्या घाट्यांची, म्हणजे शेंगांची, संख्या कमी होत असते.

हे सर्व आज तातडीने मांडण्याचे एक कारण पीकविम्यात झालेला बदल हे आहे. २०२३ मध्ये पावसाचा एकवीस दिवसांचा खंड पडलेल्या मंडळांत हंगामातल्या प्रतिकूल परिस्थितीच्या तरतुदीनुसार पंचवीस टक्के आगाऊ भरपाईची प्रक्रिया सुरू झाली होती. ती मिळण्यात किती अडचणी आल्या हा वेगळा विषय आहे. २०२५ च्या खरिपापासून राज्याने ही तरतूद आणि स्थानिक आपत्तीसारख्या इतर तरतुदी काढून टाकल्या, आणि भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावर ठेवली. त्या उत्पादनाची तुलना ज्या उंबरठा उत्पादनाशी होते, ते मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तराने, म्हणजे विम्याने किती टक्के उत्पादनाची हमी घेतली त्या प्रमाणाने, गुणून काढतात. लागोपाठ वाईट वर्षे येत गेली की ही सरासरीच खाली येते आणि पुढच्या वाईट वर्षी भरपाईस पात्र ठरणे अधिक अवघड होते. त्यात २०२४ मध्ये कृषी विज्ञान केंद्रांमधली जिल्हा कृषी हवामान केंद्रे बंद करण्यात आली, म्हणजे पाऊस आणि पीक यांची सांगड घालून स्थानिक सल्ला देणारी एक जागाही गेली. अशा वेळी एखाद्या मंडळात किती दिवस पाऊस नव्हता आणि तेव्हा पीक कोणत्या अवस्थेत होते, याची छापील व सर्वांना पाहता येणारी नोंद असणे ही शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे.

आता प्रत्यक्ष विनंती. पहिला रकाना पावसाच्या दिवसांचा द्यावा. हवामान विभाग अडीच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झालेल्या दिवसाला पावसाचा दिवस मानतो. तेच माप ठेवावे. दुसरा रकाना चालू खंडाचा, म्हणजे शेवटच्या पावसाच्या दिवसाला किती दिवस झाले याचा. तिसरा रकाना तालुक्यातल्या मुख्य पिकाच्या वयाचा. बहुतांश पेरा कोणत्या आठवड्यात झाला हे तालुका कृषी कार्यालयाच्या साप्ताहिक पेरणी अहवालातून कळते, आणि त्यावरून ‘सोयाबीन, ४५ दिवस, फुलोरा’ एवढे तीन शब्द छापणे कठीण नाही. हे तीन रकाने शेजारी शेजारी आले की वाचणाऱ्याला टक्केवारीचा अर्थ आपोआप लागेल: १०२ टक्के, खंड सोळा दिवस, पीक फुलोऱ्यात, असे वाचल्यावर कोणी पीकपाणी उत्तम आहे असे म्हणणार नाही. आठवड्यातून एकदा, रविवारी, ही माहिती तालुक्याऐवजी महसूल मंडळाच्या पातळीवर द्यावी. महावेध या राज्याच्या हवामान प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे राज्यात दोन हजारांहून अधिक मंडळांत आहेत, चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला की अतिवृष्टीची नोंद याच केंद्रांच्या आकड्यांवरून होते, त्यामुळे नवीन यंत्रणा उभारावी लागणार नाही. आमच्या शिवारापासून आमच्या मंडळाचे केंद्र अकरा किलोमीटरवर आहे आणि तिथल्या व माझ्या पर्जन्यमापकातल्या आकड्यांत पुष्कळदा मोठी तफावत असते, तरीही तालुक्याच्या एका आकड्यापेक्षा मंडळाचा आकडा केव्हाही जवळचा.

आणि ऑक्टोबरात ही चौकट बंद करू नये. नोव्हेंबर ते मार्च तिच्या जागी आठवड्याचे सरासरी कमाल व किमान तापमान, त्या आठवड्याचे नेहमीचे तापमान आणि ज्वारी, हरभरा व गहू कोणत्या अवस्थेत आहेत ते द्यावे. पोटरीतल्या, म्हणजे कणीस बाहेर पडण्याच्या बेतात असलेल्या, ज्वारीला आणि घाटे भरणाऱ्या हरभऱ्याला दोन-तीन अंशांचा फरक काय करतो, हे एक-दोन हंगाम सलग वाचल्यावर शेती न करणाऱ्या वाचकालाही उमगेल. गव्हाची आवक मार्चमध्ये कमी का झाली हे विचारण्याची वेळ मग त्याच्यावर येणार नाही; फेब्रुवारीतच त्याला ते दिसलेले असेल.

शेतकऱ्यांनी स्वतः काय करावे, हेही कोणी विचारील. पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, रुंद वरंबा सरीवर पेरून जादा पाणी सरीतून काढून द्यावे आणि खंडात त्याच सरीत मुरलेली ओल वापरावी, सोयाबीनबरोबर तुरीच्या ओळी घ्याव्यात, शेततळे असेल तर त्यातले पाणी शेंगा भरण्याच्या वेळी एकदा तुषारने द्यावे, हे आम्ही आपापल्या ऐपतीप्रमाणे करतो. २०२३ मध्ये माझ्या ज्या दीड एकराला विहिरीतले एक पाणी मिळाले, तिथला उतारा बाकीच्या रानाच्या जवळजवळ दुप्पट होता. ते पाणी कोणत्या दिवशी द्यायचे हे ठरवायला मला माझ्या वहीतली शून्ये आणि पेऱ्याची तारीख उपयोगी पडली. ज्यांच्याकडे वही नाही, त्यांच्यासाठी आपले वर्तमानपत्र ही वही होऊ शकते.

यंदाचे मृग लागण्यापूर्वी या सूचनेचा विचार व्हावा. माझ्या पंचवीस वर्षांच्या नोंदवह्या आपल्या वार्ताहराला केव्हाही पाहता येतील. सकाळी येणार असल्यास साडेआठला यावे. हवामान विभागाचा पावसाचा दिवस त्या वेळी मोजला जातो आणि मी पर्जन्यमापकाजवळच असतो.

आपला विश्वासू,
एक कोरडवाहू शेतकरी
ता. औसा, जि. लातूर